दशरथ घाडींचा मायक्रोमीटर

नाव : दशरथ धाकू घाडी. वय : त्रेचाळीस. मूळ गाव : आचरे, तालुका मालवण. राहणार : चारकोप, एक खोली, पोटमाळा स्वखर्चाने. पूर्वीचा हुद्दा : परळच्या एका कापड गिरणीत मेकॅनिक खात्यात फिटर. हल्लीचा हुद्दा : साकीनाक्याच्या एका गाळ्यात तपासणी मिस्त्री. उंची मध्यम, बांधा मध्यम, राग मध्यमाहून बराच वर. वर्तन चोख. ‘सदर इसमाच्या ताब्यात कंपनीची कोणतीही वस्तू नाही’ असा गिरणीचा सही-शिक्क्यानिशी दाखला उपलब्ध. तो काचेच्या चौकटीत, लक्ष्मीच्या तसबिरीखाली लावलेला.

या चोख वर्तनाच्या इसमाने अठ्ठ्याऐंशी सालच्या एका सोमवारी, सकाळी सहा वाजता, अशी काही बोंब ठोकली की शेजारच्या घरात दूध उतू गेलं.

देवाच्या फळीवर, गणपतीच्या डाव्या हाताला, एक लाकडी पेटी असे. आत हिरव्या मखमलीवर मायक्रोमीटर, केसाची जाडी सांगणारं पोलादी हत्यार. दर रविवारी त्याला तेल, खंडेनवमीला हळदकुंकू आणि झेंडूचं फूल. गणपतीला फूल रोज मिळे, पण तेल कधी मिळालं नव्हतं. त्या सोमवारी पेटी होती, मखमल होती, मखमलीत मायक्रोमीटरच्या आकाराचा खळगाही होता. मायक्रोमीटर तेवढा नव्हता.

“सुगंधा! हयलो मायक्रोमीटर खय गेलो?”

“माका काय विचारतास? मी त्या पेटीक हात तरी लावतंय? चुकान धक्को लागलो तरी बोंब मारतास.”

“काल घरात कोण इल्लो?”

“तुमचोच माणूस. तुमीच जेवूक बोलवलास.”

बोलावलं होतं खरं. गाळ्यात लेथवर काम करणारा विन्सेंट, मरोळ गावठाणातला. रविवारी कोंबडी-वड्यांना आला, ‘वहिनी, झकास’ म्हणत आठ वडे खाल्ले, आणि दशरथने मायक्रोमीटर दाखवला तेव्हा हात पँटला पुसून मगच हातात घेतला. तेव्हा दशरथला हा माणूस फार आवडला होता. त्या भरात त्याने गिरणीची शिस्त पुन्हा एकदा ऐकवली. दर कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला. हत्यार घ्यायचं, त्याच्या जागी खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा. “विचारायचं नाही, सांगायचं नाही. बिल्ला बोलतो!” चंद्रप्रकाश शेठच्या मागे लागून हीच पद्धत त्याने साकीनाक्याला सुरू करून घेतली होती. गाळ्यात माणसं सात आणि पाने नऊ, पण बिल्ले आले. विन्सेंटचा नंबर सहा.

जेवल्यावर दशरथ चटईवर आडवा झाला. सुगंधा बाहेर नळावर भांडी घासत होती. दशरथला जाग आली तेव्हा पाहुणा गेलेला होता.

“आठ वडे खाल्ल्यान मेल्यान! मोजलेत मी!”

“पाव्हण्याचे वडे मोजतास?”

“चोराचे मोजतंय!”

रागाचं कारण नुसतं हत्यार नव्हतं. शेठने त्याला तपासणीच्या खुर्चीवर बसवलं ते घरचा मायक्रोमीटर आणतो म्हणून. बाकीचे सुताच्या, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाच्या, हिशेबात बोलत, दशरथ मिलिमीटरच्या शंभराव्या भागात बोले. गाळ्यात बसून काम करणारा माणूस एकच होता, शेठ धरून. कारण शेठ बहुतेक वेळ फोनपाशी उभा असे.

सोमवारी विन्सेंट कामावर आला नाही. एवढा पुरावा दशरथला पुष्कळ झाला. सगळ्यांसमोर तो ओरडला, “चोर आहे तो! देवाच्या फळीवरून उचलल्यान!”

शेठ म्हणाला, “घाडी, सापडेपर्यंत ड्रिलवर उभा राहा. रिकाम्या खुर्चीची मी काय पूजा करू?”

खुर्चीवर भीमराज बसला. त्याच्याकडे मापाचा एक झिजका व्हर्नियर होता आणि जीभ अजिबात झिजलेली नव्हती. “मिस्त्री, घरी पण बिल्ल्याची सिस्टीम लावायची ना!”

मंगळवारीही विन्सेंट नाही. दिवसभर ड्रिलवर उभं राहून पोटऱ्या भरून आल्या. त्या तशाच घेऊन दशरथ संध्याकाळी पोलीस चौकीत गेला.

“मायक्रोमीटर? रिक्षाचा काय?” हवालदाराने विचारलं.

“मापाचा. बारीक मापाचा.”

“बिल आणा. त्याच्यावर काही नंबर असेल तो सांगा.”

नंबर दशरथला तोंडपाठ होता. तो उठला. “ऱ्हवांदे,” म्हणाला. घरी येईपर्यंत त्याने पोलीस खात्याला ज्या शिव्या घातल्या, त्यात नंबर विचारल्याचा राग विशेष होता.

बुधवारी विन्सेंट कामावर आला. एका हातात वर्तमानपत्रात बांधलेले सुके बोंबील, दुसऱ्या हातात मऊ फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर. “वहिनींना दे हे,” म्हणेपर्यंत त्याची कॉलर दशरथच्या मुठीत होती.

“चोर साला!”

“ए, हात काढ! मढला मेव्हण्याच्या होडीचं इंजिन बसलं होतं, बुशचं माप घ्यायचं होतं. दोन दिवस खाडा करून, समोर बसून काम करून घेतलं. बिल्ला लावून नेलाय ना यार!”

“कुठे बिल्ला? कुठे?”

“तुझ्या फळीवरच्या खिळ्यावर. सहा नंबर.”

त्या खिळ्याला घराची किल्ली असे. तीन दिवस किल्ली काढताना काहीतरी खणकन वाजत होतं. तीन दिवस दशरथ त्या आवाजावरही चिडत होता.

भीमराज खुर्चीतून हसला. “आणि मिस्त्री सोमवारपासून सगळ्यांसमोर याला चोर म्हणतायत!” तेवढं पुरलं.

“माझं घर म्हणजे काय तुझी टूलरूम आहे? माणूस झोपला असेल तर उठवता येत नाही?”

“विचारायचं नाही, सांगायचं नाही, कोण बोललं? जेवताना कोण बोललं?” विन्सेंटचाही आवाज आता चढला. “आणि चोर कोणाला म्हणालास? मी तिथं नसताना, सगळ्यांसमोर? सोमवारी?”

“म्हणालो! पुन्हा म्हणेन!”

विन्सेंटने फडकं सोडलं. मायक्रोमीटर लेथवरच्या दिव्याखाली धरला, तिरका केला. “मी दोन दिवस नेला. तू किती वर्षं नेलायस?”

ड्रिल बंद होतं. लेथ बंद होतं. शेठ फोन हातात धरून इकडे बघत होता.

“माझा बिल्ला आहे गिरणीत, खिळ्यावर!” दशरथ ओरडला. “ब्याऐंशीचा संप झाला त्याच्या आदल्या दिवसापासून आहे! गिरणीला टाळं लागलं, त्याला मी काय करू?”

“मग माझाही होता तुझ्याकडे,” विन्सेंट म्हणाला, आणि मायक्रोमीटर भीमराजच्या टेबलावर ठेवला.

फ्रेमच्या आतल्या बाजूला, दर रविवारी तेल पिऊन लखलखीत झालेल्या पोलादात, गिरणीचं नाव होतं आणि त्याखाली : मेकॅनिक खातं, हत्यार नंबर चौदा.