पेटीत ठेवलेला उन्हाळा

चुरी सर आमच्या टोकरखाड्याच्या घरी पहिल्यांदा आले ते भर दुपारी. दार मीच उघडलं. आमच्या घरी दुपारच्या वेळी बूट घातलेला अनोळखी पुरुष दारात उभा राहिला की बातमी वाईटच असते. माझी नात तेजल, तिच्या आजोबांचा हात सूत कंपनीच्या मशीनमध्ये सापडला, तेव्हाही अशीच दुपार होती आणि दारात असेच एक साहेब होते. त्यामुळे सरांनी "तेजल इथंच राहते ना?" एवढं विचारल्याबरोबर मी म्हटलं, "साहेब, काय ते एकदाच सांगून टाका. पोरीची नोकरी गेली का?"

सर हसले नाहीत. दुसऱ्या कुणी हसलं असतं. ते म्हणाले, "नोकरी आहे, आजी. मी तुमच्याकडेच आलोय. पाणी मिळेल का?"

पाणी दिलं, बसायला सतरंजी दिली, मग माझ्या ध्यानात आलं की हे आपल्याला आजी म्हणतात. मी म्हटलं, "तुम्ही माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान असाल, आजी काय म्हणता?" ते म्हणाले, "मग ताई म्हणू?" मी म्हटलं, "नको, आजीच बरं. ताई म्हणालात तर दरवर्षी राखीला यावं लागेल." तेव्हा मात्र सर मोकळे हसले. ते डहाणूकडचे, बोलणं मऊ. आमचं खानदेशी बोलणं म्हणजे दगड फोडल्यासारखं, पण त्यांना ते कधी टोचलं नाही.

सरांना साठ वर्षं पूर्ण होताहेत म्हणून हे पुस्तक निघतं आहे. यात मोठमोठे प्राध्यापक लिहिणार, आणि माझी शाळा चौथीत सुटलेली. पण पुस्तक काढणाऱ्या मंडळींनी "आजी, तुम्ही लिहाच" म्हटलं, आणि खरं सांगते, मला फार आनंद झाला. शेजारच्या चार घरांत सांगून आले.

सरांचं काम काय, हे मला पुष्कळ दिवस कळत नव्हतं. शिकवायचं ते मास्तर, हे ठाऊक. पण मास्तरांसाठी राबणारे मास्तर असतात हे कुठं माहीत होतं? तेजलनं समजावलं. ती कॉलेजात भूगोल शिकवते, कंत्राटावर. ती म्हणाली, "आजी, आम्हा शिक्षकांना काहीतरी शोधून काढायचं असतं. त्याला पैसा लागतो, जोडीदार लागतो, आणि जे येत नाही ते कुठंतरी जाऊन शिकून यावं लागतं. सर संशोधन विभागाचे प्रमुख, हे तिन्ही ते मिळवून देतात." म्हणजे सुईणीचं काम, मी म्हटलं. मूल दुसऱ्याचं, बारसं दुसऱ्याचं, कळा मात्र हिच्या डोळ्यांदेखत.

तेजलचा पहिला अर्ज विद्यापीठातून परत आला तेव्हा ती दोन दिवस नीट जेवली नाही. तिसऱ्या दिवशी सरांनी तिला एक जाडजूड फाईल घरी न्यायला दिली. फाईल बघून मी आणखीच घाबरले. फाईल निघाली म्हणजे चौकशी लागली, आम्हाला एवढंच माहीत. पण उघडून बघते तर त्यात सरांचेच परत आलेले अर्ज, तारखेवार लावलेले. वर त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं, ‘माझी नापास वही’. नव्या शिक्षकाचा अर्ज परत आला की सर ती फाईल त्याच्या घरी पाठवतात. तेजलनं ती वाचली, त्या दिवशी तीन भाकरी खाल्ल्या, आणि पुन्हा लिहायला बसली.

दुसरा अर्ज मंजूर झाला. सामरवरणीच्या चाळींत, पत्र्याच्या रूममध्ये उन्हाळ्यात किती तापतं, ते मोजायचं. तिथं आमच्याच भागातली माणसं राहतात, नंदुरबारची, शहाद्याची. माणूस कंपनीत जातो, बाई लेकरं घेऊन पत्र्याखाली दिवस काढते. सरांनी तेजलला फिजिक्सचे परमार सर जोडीला दिले, कारण यंत्रं तिला येत नव्हती. मग पुण्याला दहा दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. पोरगी कधी एकटी गेली नव्हती. माझा जीव टांगणीला. सर म्हणाले, "आजी, रोज एकदाच फोन करायचा, तोही जेवायच्या वेळी. तुम्ही चार वेळा केलात तर ती शिकणार केव्हा?" मी दोनदा करायची. ते सरांना आज पहिल्यांदा कळेल.

पुण्याच्याही आधी, त्या पहिल्या दुपारी सर आले होते ते याच कामासाठी. चाळीतल्या बायका कॉलेजच्या माणसाला दार उघडत नाहीत, तेव्हा तुम्ही तेजलबरोबर जाल का, असं विचारायला. मला विचारायला एवढा मोठा माणूस आला. गेले की मी, लगेच गेले.

आता जे घडलं ते सांगते, आणि ते सांगायलाच मी लिहायला बसले आहे.

मोजायची डबी पांढरी, सुपारीच्या डबीएवढी. भिंतीवर खिळ्याला टांगायची, ती आपोआप ऊन लिहून घेते. दर पंधरा दिवसांनी तेजल जाऊन कॉम्प्युटरला लावून आकडे उतरवणार. चोवीस रूममध्ये चोवीस डब्या. तेजल बायकांना समजावून सांगायची आणि पुढच्या दाराला जायची. मी मागं थांबायची, आणि माझ्या अकलेनं प्रत्येकीला सांगायची, "बाई, फार महागाची वस्तू आहे. हरवली, फुटली, लेकरानं पाण्यात टाकली, तर माझ्या पोरीची नोकरी जाईल. जिवापाड जपा."

उन्हाळा गेला तसा गेला. तेजल आनंदात होती. म्हणायची, "आजी, पत्र्याच्या रूम वाटतात तेवढ्या तापत नाहीत गं. हे कुणालाच माहीत नव्हतं." बाहेरगावची समिती तपासायला येणार होती, तिच्यापुढं ती हे मांडणार होती. मला तेव्हाच कसंतरी झालं होतं, कारण त्या रूममध्ये पाच मिनिटं बसून माझी चोळी भिजायची. पण यंत्र म्हणतं आणि पोरगी म्हणते, मी कोण?

समितीला आठ दिवस राहिले असताना मी सुनंदाकडे गेले. ती आमच्या गावाकडची, तिच्या धाकटीचं बारसं होतं, त्याच्या तयारीला. बघते तर बाई खाटेखालून लोखंडी पेटी ओढते आहे. पेटीत गोधड्या, गोधड्यांत लग्नाचा शालू, आणि शालूच्या घडीत ती पांढरी डबी.

मी म्हटलं, "अगं, ही इथं काय करते?"

"उद्या मॅडम यायच्या ना. टांगून ठेवते." सुनंदा म्हणाली.

"आणि एरवी?"

"एरवी पेटीत. तुम्हीच म्हणालात ना माय, जिवापाड जप. माझ्या घरात जपायची जागा एवढीच."

 मी तशीच निघाले आणि दारोदार फिरले. बहुतेक घरांत तेच. कुणी पेटीत, कुणी तांदळाच्या डब्यात तळाशी, एकीनं तर देवामागं ठेवलेली, रोज हळदकुंकू लावलेलं. कुणी लबाडी केली नव्हती. बिचाऱ्यांनी माझ्या पोरीची नोकरी सांभाळली होती.

तीन दिवस मी कुणाला बोलले नाही. भीती काय असते ते मला ठाऊक आहे, पण ही वेगळी होती. सांगावं, तर पोरीचं काम बंद, कंत्राट पुन्हा निघणार नाही. न सांगावं, तर तेजलच्या अहवालात छापून येणार की पत्र्याखाली बायका गारव्यात राहतात. मग कोण घालणार त्यांच्या छताला काही? सुनंदाची ती बारा दिवसांची पोरगी, घामोळ्यांनी लाल झालेली, माझ्या डोळ्यांपुढून हलेना. माझ्या हातून भाजीत दोनदा मीठ पडलं. तेजल म्हणाली, "आजी, लक्ष कुठं आहे?" मी म्हटलं, "वय झालं."

चौथ्या दिवशी शेअरच्या शटल रिक्षात बसून एकटीच कॉलेजला गेले. सरांच्या खोलीबाहेर शिपाई म्हणाला, काम काय? मी म्हटलं, गुन्हा सांगायचाय. त्यानं मला लगेच आत सोडलं.

सगळं सांगितलं. सर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मला दिसला. त्यांच्याच सहीवर तर काम मंजूर झालं होतं.  मग म्हणाले, "तेजलला माहीत आहे?"

"नाही. आधी तुमच्याकडे आले."

"हे चुकलं, आजी," सर म्हणाले. "डब्यांचं नाही म्हणत मी. काम तिचं आहे, तर आधी तिला कळायला हवं होतं. जा, तिचा तास सुटेल आता."

मी म्हटलं, "सर, मला भीती वाटते."

"मलाही वाटते," सर म्हणाले. "पण आज शुक्रवार आहे. उद्याच्या बैठकीत ती बोलली पाहिजे."

ही शनिवारची बैठक सरांचीच रीत. सगळे शिक्षक चहाला जमतात, आणि ज्याला आपलं काही चांगलं झालेलं सांगायचं असेल, त्यानं आधी या आठवड्यात काय बिघडलं ते सांगायचं. तेजलला मी कॉरिडॉरमध्येच सांगितलं. घरी येईपर्यंत रिक्षात तिनं माझा हात धरला नाही. त्यासारखी शिक्षा नाही.

शनिवारी सरांनी मलाही बोलावलं होतं. तेजल उभी राहिली आणि तिनं सगळं सांगितलं.  मग परमार सर म्हणाले, "एटले, म्हणजे, आपण पेटीचा उन्हाळा मोजला." एकदोघं हसले. पण त्यांनी पुढं जे सांगितलं ते ऐकून तेजलनं मान खाली घातली. दर पंधरा दिवसांनी एक दिवस आकडा एकदम चढायचा. तेजल आणि परमार सर दोघेही म्हणाले होते, यंत्राचा दोष, आणि तेवढे दिवस काढून टाकले होते. "जे दिवस खरे होते, तेवढेच आपण फेकले," परमार सर म्हणाले.

सरांनी तिला रागावलं नाही की पाठीवरून हात फिरवला नाही. एवढंच म्हणाले, "फेकलेले दिवस परत काढा. समितीपुढं तेच आधी मांडायचं."

समितीच्या दिवशी मी बाहेर बाकावर होते. दार अर्धं उघडं. आतून एक साहेब म्हणाले, अशा कामावर आणखी वेळ का घालवायचा, बंद करा.  तेव्हा सरांचा आवाज आला, "उपकरणं वाटण्याआधी मी एकदाही त्या खोल्यांत जाऊन बसलो नाही. बसलो असतो तर पहिल्याच महिन्यात आकड्यांवर विश्वास ठेवला नसता. हा दोष प्रमुखाचा लिहा." कुठला साहेब लहान पोरीच्या कागदावर आपलं नाव दोषात लिहून घेतो? मी जन्मभर कंपन्यांच्या गावात राहिले, तिथं वरचा माणूस खालच्याचं नाव सांगतो.

समितीनं आणखी एक उन्हाळा दिला. नवीन पैसा नाही, आणि पुढच्या खेपेला पटलं नाही तर काम बंद. त्याच बैठकीत सरांनी नियम करून घेतला, की वस्तीत जे काम होईल त्याच्या प्रत्येक बैठकीला वस्तीतलं एक माणूस बसलं पाहिजे. सुनंदा आता महिन्यातून एकदा कॉलेजात जाते, कडेवर पोरगी घेऊन. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, खिळा उंच ठोका, लेकरांचा हात पोचला नाही तर आम्ही कशाला लपवू? एवढं साधं. प्राध्यापकांना सुचलं नव्हतं, मला तर नाहीच.

यंदा डब्या भिंतीवरच आहेत. आकडे असे चढे येताहेत की तेजल प्रत्येक आकडा दोनदा तपासून उतरवते. आणि आता भीती दुसरीच आहे. चाळीचा मालक येऊन विचारून गेला, या डबीत कॅमेरा आहे का, तुम्हाला रूम सोडायची आहे का. बायका घाबरल्या. दोघी-तिघींनी डब्या काढून दिल्या. तेव्हा यंदाच्याच वैशाखात चुरी सर स्वतः सामरवरणीला आले. मालकाला डबी उघडून दाखवली, आणि मग सुनंदाच्या रूममध्ये भिंतीला टेकून बसले. बाराला बसले ते चारपर्यंत. त्यांना बीपीची गोळी आहे. दीड वाजता त्यांचा सदरा अंगाला चिकटला, दोन वाजता ओठ सुकले. मी पदरानं वारा घालत होते आणि मनात सगळ्या देवांना हाका मारत होते, की या माणसाला इथं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू?

म्हटलं, "सर, उठा आता. कळलं ना तुम्हाला?"

ते म्हणाले, "मला चार तासांत कळतं. हिला रोज आहे." आणि सुनंदाच्या पोरीच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत राहिले.

मालक दारातून बघून गेला. पुन्हा काही बोलला नाही. आठ दिवसांनी काढलेल्या डब्या परत भिंतीवर आल्या.

या महिन्याअखेर सर निवृत्त होताहेत. समिती पावसाळ्यात बसणार. म्हणजे तेजल आत जाईल तेव्हा त्यांची खुर्ची दुसऱ्या कुणाची असेल, आणि तो माणूस कसा असेल हे कुणाला ठाऊक नाही. मी हे सरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "आत तिलाच बोलायचंय, आजी. तिला येतं आता." मी म्हटलं, "आणि मी?" तर म्हणाले, "तुमच्या शेजारी बाकावर मी बसेन."

थोरामोठ्यांना शंभर वर्षांचं आयुष्य मागायची रीत आहे. मला एकदम एवढं मागायची भीती वाटते, जास्त मागितलं की देव मोजायला बसतो. म्हणून मी आधी पावसाळ्यातला तो एक दिवस मागते. सरांची तब्येत धडधाकट असावी, गोळी वेळेवर घेतलेली असावी, दार अर्धं उघडं असावं, आणि बाकावर माझ्या शेजारी ते असावेत. तो दिवस पार पडला की मी पुढचा मागेन. मग त्याच्या पुढचा. मी असेपर्यंत रोज एक मागत राहीन, आणि माझ्यामागं तेजल मागेल, तिच्यामागं सुनंदाची पोरगी. सरांना कमी पडणार नाही.