दाराबाहेरचा गेरू

खराडीत आम्ही दोघी बहिणी राहायला आलो तेव्हा गॅलरीतून शेतं दिसायची. काही वर्षांत तिथे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या आणि आमच्या मजल्यावरची बाकीची घरं तिथे नोकरी करणाऱ्या मुलामुलींनी भरली. त्यांच्या दारांत रांगोळीचे स्टिकर असत. आमच्या दारात दर दिवाळीला ताई शहाबादी फरशीवर गेरूचा चौकोन सारवायची. मी आत पुस्तक घेऊन. "तू वाच हो, हात नको लावूस," ती म्हणायची. मला ते सोयीचंच होतं.

उन्हाळ्यात ती गेली.

दिवाळी जवळ आली तोवर चौकोन बुटांखाली फिका पडला होता. कडेला मात्र तिच्या बोटांचे चार पट्टे अजून दिसत. पुन्हा सारवावं तर ते झाकले जाणार, न सारवावं तर लोकांच्या पायांनी जाणार. आठवडाभर मी त्यावरच अडून राहिले. एकमेकांची गंधवार्ता नसलेल्या दूरदूरच्या माणसांनी आपले मृत लाल माती पसरून पुरले, गुहेच्या भिंतीवर त्याच मातीनं हातांचे ठसे ठेवले, हे सगळं मी वाचलं होतं. ती माती कालवायची कशी, हे कुठे वाचलं नव्हतं.

वर्ष सरलं नव्हतं, म्हणून रांगोळी काढायची नव्हती. पण नुसती फरशी बघवेना. शेवटी गेरूची पुडी आणली, पाण्यात कालवली आणि सगळा चौकोन सारवला. त्या पट्ट्यांसकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात सोसायटीचे सेक्रेटरी. त्यांच्यामागे, आमच्या दारापासून लिफ्टपर्यंत, तांबडी पावलं.

"अहो बाई, ऐन दिवाळीत आपल्याकडची लक्ष्मी बाहेर पडलेली दिसते."

मी ओशाळून फडकं आणलं.

"डिंक नाही घातलात?" त्यांनी विचारलं.

"गेरूत डिंक घालतात?"

"ताई घालायच्या. सुतारांचा पांढरा. आमच्याकडूनच वाटीभर न्यायच्या." मग माझ्या फडक्याकडे बघत, "पुस्तकात नसेल ते."

मी खाली बसून पुसू लागले. माझा गेरू भराभर निघाला, बादली लाल झाली. तिचा खाली तसाच होता. कडेचे चार पट्टे वर आले तेव्हा मी घराकडे मान वळवून म्हणून गेले, "अगं, हे बघ."

आत कोणी नव्हतं. सेक्रेटरी मात्र अजून उभे होते. ते चपला हातात घेऊन, कडेकडेनं, जिन्यानं खाली गेले.