पाट्याखाली दाबलेली पुस्तकं

आमचे मास्तर वाचायला शिकवत नसत, वाचल्यासारखं दिसायला शिकवत. हे आज म्हणते. तेव्हा बोलले असते तर छडी खाल्ली असती.

बुरोंडीच्या त्या शाळेत वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत. त्यांना आम्ही दिपोटी म्हणत असू. मास्तर महिनाभर पहिलीच्या पोरांकडून एकच धडा घोकून घेत, ओळीखाली बोट सरकवत. आदल्या दिवशी सगळ्यांची पुस्तकं त्याच पानावर उलटी मोडून स्वतःच्या घरच्या वाटणाच्या पाट्याखाली दाबून ठेवत. मग पुस्तक कुणीही उघडो, तेच पान वर येई. डोकं होतं माणसाला, पण खर्च केलं कशात ते बघा.

माझी धाकटी बहीण त्या वर्षी पहिलीत होती, मी चौथीत. तिला क आणि फ सारखेच दिसत. घरी मी पाटीवर अक्षरं काढून दिली की ती रडकुंडीला येई. धडा मात्र घडाघडा म्हणे. दिपोटींनी तिचं पुस्तक उघडून पुढे धरलं आणि ती एका दमात म्हणून मोकळी झाली. तिचं बोट दोन ओळी मागे राहिलं होतं. मला ते माझ्या रांगेतून दिसलं. दिपोटींचं लक्ष मास्तरांनी आणलेल्या शहाळ्यात होतं. त्यांनी तिला पास केलं.

बाबा बोटीवर खलाशी, म्हणून आईच मास्तरांकडे गेली.

"मास्तर, हिला अक्षर कळत नाय. अजून एक वरीस पैलीतच बसवा."

"साहेबांनी पास केलीय तिला. मी खाली बसवू? लोक पोर वर घाला म्हणून पाया पडतात, तुमचं भलतंच."

आई परत आली. तिला स्वतःला सही येत नव्हती, भांडणार कशाच्या जोरावर? दुसरीचे धडे लांबलचक, ते धाकटीला पाठ होईनात. दिवाळीनंतर तिने शाळा सोडली.

लग्न जमवताना मुलगी दुसरीपर्यंत शिकलेली असं सांगितलं. नवरा मुंबईला गिरणीत. त्याचं पहिलं पत्र आलं तसं ती ते घेऊन माझ्याकडे आली. नवऱ्याने बायकोला लिहिलेलं मी मोठ्याने वाचत होते आणि ती खाली मान घालून ऐकत होती. मधल्या चार ओळी माझ्याने वाचवेनात. मी त्या गाळल्या. तिला कळलंही नाही.