मामांचं जहाज मी मोडलं

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला नाही. माहेरी आईला सांगावं असं एकदा वाटलं होतं, पण आई त्याआधीच गेली. मुलीच्या जुन्या वहीत मागची पानं कोरी आहेत, त्यांवर लिहिते आहे. मला लिहायची सवय नाही. बोलायचीही नाही. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही, हे बिलोलीत आमच्या गल्लीला ठाऊक आहे.

कुठून धरू? जहाजापासूनच धरते.

माझे सासरे — मी त्यांना मामा म्हणायची — तरुणपणी नौदलाच्या जहाजावर आचारी होते. आमच्याकडे समुद्र कुठला? उन्हाळ्यात विहिरीचा तळ दिसतो. म्हणून गल्लीतले लोक त्यांना कप्तान म्हणून चिडवायचे. समोर रहीमभाईंचं शिलाईचं दुकान. मामा ओट्यावर येऊन बसले की ते मशीन थांबवायचे.

"काय कप्तान, आज दर्या कसा हाय?"

"दर्या गप हाय. तुझी मशीनच लई खवळली."

रोज हेच. आणि रोज दोघंही हसायचे.

सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या. मला या घरात स्वयंपाक शिकवला तो मामांनी. परातीतल्या पिठावर बोटानं रेघा ओढून ते जहाजावरची चूल दाखवायचे. चुलीला चहूकडून लोखंडी कठडा असतो, लाट आली की पातेलं घसरू नये म्हणून. एकदा त्यांनी कठडा लावायच्या आधीच लाट आली आणि उकळतं वरण पायावर सांडलं. तो डाग घोट्याजवळ शेवटपर्यंत होता. मी वाढलेलं कुणी कौतुकानं खाल्लं असेल तर त्यांनीच. मग त्याच माणसाशी मी असं का वागले?

थांबा. आधी दुसरं एक सांगायला हवं.

लग्न जमवताना मध्यस्थानं मी सातवी पास आहे म्हणून सांगितलं होतं. मी चौथीपर्यंतच शिकले. हिमायतनगरकडच्या आमच्या खेड्यात शाळा चौथीपर्यंतच होती. पाचवीला ओढा ओलांडून जावं लागायचं, ते घरच्यांना नको होतं. तेव्हा इंग्रजी पाचवीपासून असायची. म्हणजे मला एबीसीडीसुद्धा येत नव्हती. मध्यस्थ खोटं बोलला तेव्हा मी आत पोह्यांच्या बशा भरत होते, आणि मी ऐकलं. ऐकून गप्प बसले. पुढं सासरी सगळे तेच धरून चालले. मीही.

मामांना काचबिंदू झाला. डोळ्यांना उजेड तेवढा कळायचा, माणूस सावलीसारखा दिसायचा. तेव्हापासून रोज दुपारी मी त्यांना पेपर वाचून दाखवू लागले. मी हळू वाचते, जोडाक्षराला अडखळते. ते कधी घाई करायचे नाहीत. उलट रहीमभाईंना ओरडून सांगायचे, "आमची सून पेपर वाचती, मशीन बंद कर जरा!"

त्या जहाजाची बातमी मीच वाचली. आंध्रात समुद्रकाठच्या एका शहरात ते किनाऱ्यावर कायमचं उभं केलं होतं. संग्रहालय केलं होतं. लोकांना आत जाऊन सगळं बघता येणार होतं. आणि त्यावर काम केलेल्या सगळ्यांची नावं पितळेच्या पाटीवर लावली होती.

"आचाऱ्याचं बी?" मामांनी विचारलं.

"समद्यांची, असं लिहिलंय."

ते खाटेवर सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "ती ओळ पुन्हा वाच, पोरी."

मी पाच वेळा वाचली.

त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नव्हता. नांदेडहून कुठली गाडी, कुठं उतरायचं, सोबत भाकरी न्यायची की दशम्या. रहीमभाईंनी नवा पांढरा शर्ट शिवला, आतून खिसा दिला. "कप्तान, खलाशांनी सलाम ठोकला तर बटन तुटू नये, म्हणून डबल टाका मारलाय." मामांनी महिनाभर आधी पिशवी भरली. मला म्हणायचे, "तुला माझी चूल दाखवतो. कठडा हात लावून बघ."

नवऱ्याला डाळमिलमधून सुट्टी मिळेना. हंगाम होता. तो म्हणाला, "तुमी दोघं जावा की. ती शिकल्याली हाय, पाट्या वाचंल."

मामा खूश झाले. "हाव. माझं नाव हिनंच हुडकायचं. आन् मोठ्यानं वाचायचं, लोकांना ऐकू गेलं पाहिजे."

 पाटी इंग्रजीत असणार — जहाजावर सगळं इंग्रजीतच असतं, हे त्यांनीच सांगितलेलं. शेकडो नावं, भोवती परके लोक, शेजारी हात धरून मामा उभे, आणि मी... मी काय वाचणार होते? रात्रंदिवस तेच डोळ्यांपुढं यायचं. मुलगी तेव्हा पहिलीत होती. तिचं इंग्रजीचं पुस्तक मी दोनदा लपून उघडलं आणि दोनदा मिटलं. तुम्ही म्हणाल, एक वाक्य बोलायचं होतं — मामा, मला इंग्रजी येत नाही. एवढंच. हो. एवढंच होतं.

निघायला आठ दिवस राहिले. दुपारी ते खाटेवर, मी उंबऱ्यात, मांडीवर पेपर. आतलं पान उघडलं होतं. त्यावर केळीच्या करप्यावर काय फवारावं, ते लिहिलं होतं. मी त्यावर नजर ठेवली आणि वाचल्यासारखं म्हणाले — समुद्रकाठचं जुनं जहाज गंजल्यामुळं मोडीत काढलं. लोखंड विकलं. संग्रहालय बंद.

एकदाही अडखळले नाही. एवढं सलग मी आयुष्यात कधी वाचलं नव्हतं.

मामांनी मान माझ्याकडं वळवली. "समदं मोडलं?"

"हाव."

"पाटी?"

"लिहिलं न्हाई."

मला वाटलं होतं चिडतील, हळहळतील, चार दिवसांत विसरतील. ते उठले. भिंतीला धरत न्हाणीत गेले आणि डोक्यावरून पाणी घेतलं. भर दुपारी, थंडीच्या दिवसांत. मला आधी कळलंच नाही. मग कळलं. घरातलं माणूस गेल्याचं कळल्यावर करतात, ती अंघोळ होती ती.

त्यांनी सुतक धरलं. दहा दिवस दाढी केली नाही, गोड तोंडात घातलं नाही, देवाला हात लावला नाही. ज्या दिवशी आमची गाडी होती त्या दिवशी ते ओट्यावर नुसते बसून होते. दहाव्या दिवशी न्हावी बोलावून डोकं आणि मिशी उतरवली. गल्लीत कुणी विचारलं, "कोण वारलं हो कप्तान?" तर म्हणायचे, "लांबचं हाय." मी दाराआडून बघत होते. तेव्हा तरी सांगायचं ना? दहा दिवस होते. रोज ताट वाढताना तोंड उघडायची आणि "भाकर देऊ का" एवढंच बाहेर पडायचं.

अजून एक आहे. ते सगळ्यात वाईट.

पहिल्याच दिवशी त्यांनी सांगितलं होतं, "ती बातमी कापून दे. जवळ राहू दे." मी काय कापून देणार? केळीच्या करप्याचा तुकडा कापला आणि दिला. त्यांनी तो नव्या शर्टाच्या आतल्या खिशात ठेवला. दोन दिवसांनी तो शर्ट अंगात घालून समोर गेले. मी ओट्यावर पीठ चाळत होते.

"रहीम, वाच बरं. सुनेनं वाचलं, पण पुन्हा ऐकावं वाटतं."

रहीमभाईंनी चष्मा लावला. कागद वाचला. मग मान वर करून रस्त्यापलीकडून माझ्याकडं बघितलं. किती वेळ, सांगता येणार नाही. मग कागदाची नीट घडी घालून मामांच्या खिशात ठेवली.

"हाव कप्तान. तसंच लिवलंय."

त्यांनी का झाकलं, मला माहीत नाही. मामांचं सावरायला आलेलं मन पुन्हा हलवू नये म्हणून असेल, किंवा घरातल्या बाईची अब्रू म्हणून. मी विचारलं नाही. आधी रोज हाक मारायचे, "भाभी, पेपर झाला का?" त्या दिवसानंतर कधी मारली नाही.

त्यानंतर मामांनी चुलीच्या, कठड्याच्या गोष्टी सांगितल्या नाहीत. रहीमभाईंनी दर्या कसा हाय म्हणून विचारलं नाही. दोन वर्षांनी मामा गेले. शर्ट मी धुवायला घेतला तेव्हा कागद निघाला, घडीवर फाटलेला. तो माझ्या ट्रंकेत आहे.

वर्षश्राद्धाला पाहुणे जेवून गेल्यावर नवरा सुपारी कातरत बसला होता. सहज म्हणाला, "बाबाला ते जहाज बघायचं राहिलंच. तिकडं जायचं ठरलं तवा मला म्हणाले होते, पोरगी भेल्यासारखी दिसती. तिला इंग्रजी येत न्हाई, मला पहिल्या महिन्यातच कळलंय, वाच म्हणलो तवा कौतुकाच्या भरात ध्यानात राहिलं न्हाई. तिला सांग, पितळंवर नाव खोदल्यालं असतंय, मी बोटानं हुडकीन. तिनं मला भिंतीपाशी नेऊन सोडावं, बस, असं म्हणाले. म्या इसरलोच सांगायचं. मग ते मोडलंच म्हणा."

मी ताटं उचलली आणि आत गेले. नवऱ्यावर मी काही टाकत नाही. तो निरोप विसरला. मी काही विसरले नव्हते.

मुलगी आता नांदेडला कॉलेजात आहे. मागच्या महिन्यात तिनं मोबाइलवर ते जहाज दाखवलं. किनाऱ्यावर तसंच उभं आहे, वर रंग दिलाय, लोक शिडीवरून आत जातायत. "आई, आजोबांचं जहाज! हे तर मोडलं होतं ना?" ती म्हणाली. मग स्वतःच उत्तर दिलं, "पेपरवाल्यांनी चुकीचं छापलं असंल." मी फोन तिच्या हातात परत दिला.

दिवाळीनंतर जायचं ठरवलंय तिनं. तिकिटं काढली आहेत. मामांचं नाव ती शोधेल म्हणते. मी तिला म्हटलं, मी शोधते.

तिच्या पहिलीच्या जपून ठेवलेल्या पुस्तकातून मी या महिन्यात इंग्रजी अक्षरं शिकले, मोठी आणि लहान, दोन्ही. मामांचं नाव आता मला लिहिताही येतं.

शिकायला बारा दिवस लागले.