काचेवरचा हात

सास्तूरच्या घरी मी टचस्क्रीनचा मोठा कॉम्प्युटर आणला तो माझ्या कामासाठी. आईला मात्र त्यात पुण्याला दिलेली लेक दिसायची. व्हिडिओ कॉल लागला की ती काचेवरूनच बहिणीच्या गालांवर हात फिरवायची आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. आलाबला घेतल्याशिवाय तिचं बोलणं सुरूच होत नसे. नेमका तिचा हात खालच्या लाल बटणाला लागायचा आणि कॉल कट व्हायचा.

एकदा लागोपाठ तीनदा असं झालं. मी खेकसलो, "आई, तू हात लावतीस म्हणूनच ती जाती. लांब बसून बोल."

"बरं," म्हणाली.

त्यानंतर ती दोन्ही हात पदरात गुंडाळून बसायची. बहीण तिकडून विचारायची, "आज आलाबला न्हाय व्हय?"

"तुझा भाऊ लई रागं भरतोय," एवढंच आई सांगायची. शेवटच्या आजारातही तिनं काचेला हात लावला नाही.

आता तिचा फोटो त्याच कॉम्प्युटरवर आहे. परवा न राहवून मी तिच्या गालावरून हात फिरवला. फोटो सरकून गेला आणि विहिरीवरच्या मोटारीचा आला.