उरलेलं वाक्य

आमच्या चांद्याच्या कॉलेजातले एक कारकून दर फाल्गुनात गॅदरिंगच्या नाटकाला प्रॉम्प्टिंग करायचे. ती खोड त्यांना बाराही महिने जडली होती. समोरचा बोलता बोलता अडखळला, की मान खाली घालून, हळूच, ते त्याचं उरलेलं वाक्य पुरं करायचे. मला याची भारी चीड होती. माझं वाक्य मी संपवीन की!

त्या वर्षी नाटकात पहिल्यांदाच एक मुलगी नायिका झाली, कुरखेड्याकडची. पुण्याहून आलेले आमचे सर तिला तालमीत रोज दटावायचे, "मले नाही, मला!" प्रयोगात नेमकं तेच झालं. "मले जाऊ द्या," ती म्हणाली आणि थिजली. मागे पोरं खिदळायला लागली. पुढच्या रांगेतला तिचा बाप तिला घरी न्यायला उठून उभा राहिला. नायक मी, पण माझी वाचाच बसली.

तेवढ्यात विंगेतून तो हळू आवाज आला, "तुले कोन अडवून राह्यलं?"

पुस्तकात हे वाक्य नव्हतं. मी ते तसंच म्हणालो.

"तुमीच तं अडवून राह्यले!" ती ताडकन बोलली. खिदळणं थांबलं. बाप खाली बसला. पुढचा अख्खा अंक आम्ही घरच्या बोलीत केला.

पडदा पडताच सर विंगेत कारकुनांकडे धावले.

"यापुढे तुम्ही स्टेजकडे... स्टेजकडे..."

रागानं त्यांना शब्द सापडेना. कारकुनांनी मान खाली घातली आणि ते हळूच म्हणाले,

"फिरकू नका."