ओले हात

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सकाळी अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पूजेआधी गाडी धुतली. बॉनेट उघडून आतही तांब्याभर पाणी फिरवलं. मग मी चावी फिरवली, तर डॅशबोर्डवरचे लाल-पिवळे दिवे एकदम पेटले आणि गाडी बंद पडली.

"हात लावू नका म्हणून किती वेळा सांगितलंय तुम्हाला? कळत नाही तर करता कशाला?" सोसायटीतली माणसं बघत असताना मी ओरडलो. अण्णा फडकं पिळत राहिले. पाणी संपलं तरी पिळत राहिले.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने एकेक वायर तपासली. "पाण्याचं काही नाही, साहेब. बॅटरीची अर्थिंगची वायर सैल आहे. बॅटरी कुणी बसवली?"

मीच बसवली होती, आदल्या रविवारी, हौसेने. त्याने पाना दोनदा फिरवला आणि सगळे दिवे विझले.

गाडीला कुठे दुखलं की दिवा लागतो. माणसाला दुखलं की दिवा विझतो, आणि विझलेला दिवा डोळ्यांवर येत नाही, म्हणून घरच्यांना तो सोयीचा पडतो. मलाही पडला. खरं कारण मी अण्णांना सांगितलंच नाही. ते गाडीपासून लांब राहू लागले, तेही मला बरंच वाटलं.

यंदा दसऱ्याला मी पूजेचं ताट त्यांच्यापुढे धरलं. कुंकवाकडे गेलेला हात त्यांनी मागे घेतला. दोन्ही कोरडे हात पंच्याला पुसत म्हणाले, "तूच लाव बाबा. माझे हात ओले आहेत."